बागेची परीक्षा वैशाखात

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की आपल्याकडे वृक्षारोपणाच्या समारंभांना ऊत येतो. खड्डे अगोदरच खणून ठेवलेले असतात, रोपे मालमोटारींतून येतात, सन्माननीय पाहुणे फावड्याने चार ढेकळे लोटतात, छायाचित्रे निघतात आणि किती हजार रोपे लावली गेली याचा आकडा दुसऱ्या दिवशी अभिमानाने प्रसिद्ध होतो. त्यांपैकी किती रोपे पुढच्या वैशाखाअखेर जिवंत होती, हा आकडा मात्र कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. पावसाळ्यात निसर्ग स्वतःच माळ्याचे काम करीत असतो. त्या दिवसांत झाड वाढले, तर त्याचे श्रेय माणसाने घेण्याचे कारण नाही. माणसाच्या बागकामाची खरी परीक्षा आता, ऊन तापलेले असताना आणि आकाशात ढगाचे चिन्ह नसताना आहे. या परीक्षेत बहुसंख्य लोक पाण्याच्या अभावामुळे नव्हे, तर पाणी कसे द्यावे याचे भान नसल्यामुळे नापास होतात, असे आम्हांस वाटते. हे भान पाणी मुबलक असलेल्या ठिकाणीच अधिक लवकर सुटते, आणि म्हणून या विषयाची चर्चा दुष्काळी माणदेशाऐवजी सुरत जिल्ह्यातील बारडोलीच्या निमित्ताने करणे उद्बोधक ठरेल.

बारडोली म्हटले की मराठी वाचकाला १९२८चा सत्याग्रह आठवतो, आणि ते योग्यच आहे. त्या वेळी हा तालुका मुंबई इलाख्यात होता. सरकारने सारा २२ टक्क्यांनी वाढविला, तेव्हा वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली १२ फेब्रुवारी १९२८ रोजी शेतकऱ्यांनी तो न भरण्याचा निर्धार केला आणि ऑगस्टमध्ये तडजोड होईपर्यंत तो पाळला. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल यांच्या चौकशीने सुमारे सहा टक्क्यांचीच वाढ न्याय्य ठरविली. तारखांकडे पाहिले म्हणजे लक्षात येते की, हा लढा मुख्यतः उन्हाळ्यात लढला गेला. जप्तीपासून वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी आपल्या म्हशी महिनोन्महिने घरातच कोंडून ठेवल्या, दिवसभर दारांना कुलुपे घातली आणि बाहेरची कामे सरकारी माणसे नसतील अशा वेळी, रात्री-अपरात्री उरकली. भर उन्हाळ्यात, गुरांसह बंद घरात काढलेले ते दिवस हे धीराचे आणि काटकसरीचे शिक्षण होते.

याच लढ्याच्या वेळी कन्हैयालाल मुन्शी यांनी मुंबई विधिमंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला होता. पुढे स्वतंत्र भारताचे अन्न व शेतीमंत्री असताना १९५० साली त्यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. जुलैतील वृक्षारोपणाचे समारंभ हे त्या प्रथेचेच वारस होत. मुन्शींचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु महोत्सव जुलैत असतो आणि मरण मे महिन्यात येते, ही गोष्ट त्यांच्यानंतरच्या समारंभकर्त्यांनी सोयीस्करपणे दृष्टीआड केली.

आजच्या बारडोलीला पाण्याची ददात नाही. मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावून, खानदेशातून वाहत येणारी तापी काकरापार येथे बंधारा घालून अडविण्यात आली. पुढे १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाले आणि डाव्या तीरावरच्या कालव्याचे पाणी या तालुक्याच्या शिवारात बारमाही खेळू लागले. कापूस आणि ज्वारीच्या या काळ्या जमिनीत ऊस आला, केळी आली. १९५५ साली स्थापन झालेला येथील सहकारी साखर कारखाना देशातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाऊ लागला. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांचे टुमदार बंगले आणि त्यांपुढील हिरवळी उभ्या राहिल्या. स्वराज आश्रमाच्या आवारातही नीट राखलेली बाग आहे, आणि गांधीजींच्या स्मृतीशी निगडित असलेला ‘ऐतिहासिक आंबा’ गावात दाखविला जातो. ही समृद्धी कोणाच्या किमतीवर आली, हेही विसरता येत नाही. उकाईच्या जलाशयाखाली गुजरात व महाराष्ट्रातील आदिवासींची शंभराहून अधिक गावे गेली. ज्या पाण्यासाठी दुसऱ्याने आपले घर सोडले, ते हिरवळीवर भर दुपारी उधळणे ही केवळ बागकामातील चूक राहत नाही.

उन्हाळ्यात झाडाचे काय होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. झाड मुळांनी पाणी शोषते आणि पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून ते वाफेच्या रूपाने सोडते. याच क्रियेने पान थंड राहते. भर दुपारी पानांतून जाणारे पाणी मुळांकडून येणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक झाले की झाड रंध्रे मिटून घेते, पाने मलूल होतात, माना टाकतात. हे दृश्य पाहून हौशी माणूस घाईघाईने नळी घेऊन धावतो. वस्तुतः दुपारचे ते मलूलपण हा झाडाचा बचाव असतो. संध्याकाळी किंवा पहाटे तेच पान पुन्हा ताठ उभे राहिले, तर त्या झाडाला पाण्याची गरज नाही असे निश्चित समजावे. पहाटेही पान लोंबत असेल, तरच खरी तहान आहे. अथवा, उलटपक्षी, अतिपाण्याने मुळे कुजू लागली आहेत. दोन्हींची बाह्य लक्षणे सारखीच दिसतात. म्हणून पाणी देण्यापूर्वी बोटभर किंवा वीतभर माती उकरून पाहणे, हा बागकामातील पहिला धडा होय. आत ओल असेल, तर नळी पुन्हा जागेवर ठेवावी.

पाण्याची वेळ कोणती, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळी आणि सायंकाळी, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हाच पाणी द्यावे, असे त्याने सांगितले आहे. दीड हजार वर्षांनंतर त्यात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही. एवढेच म्हणता येईल की, सकाळ-संध्याकाळचे हे पाणी नव्या रोपांसाठी आणि कुंड्यांसाठी आहे. स्थिरावलेल्या वृक्षांना रोज थोडे पाणी देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, परंतु भरपूर आणि खोलवर मुरेल असे पाणी देणे हितावह असते. रोजच्या शिंपडण्याने फक्त वरची दोन बोटे माती भिजते. मुळे त्या ओलाव्याच्या आशेने वरच येतात, आणि तोच थर उन्हात प्रथम भाजून निघतो. अशा रीतीने लाडावलेले झाड माळी चार दिवस गावाला गेला की कोलमडते. दुपारी पाणी घातल्याने पाने करपतात, ही समजूत बहुतांशी निराधार आहे. दुपारच्या पाण्याचा खरा दोष असा की त्यातील बराचसा भाग वाफ होऊन जातो. उन्हात पडलेल्या रबरी नळीतील पहिले पाणी मात्र खरोखरच कढत असते. ते रोपाच्या बुडाशी न ओतता बाजूला सोडून द्यावे.

पाणी कोठे द्यावे, याचे उत्तर तर या दिवसांत सूर्यच देतो. बारडोली कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी झाडाची सावली जेथवर पडते, तो त्याच्या पानोळ्याचा परीघ समजावा. पाणी शोषणारी तंतुमुळे मोठ्या प्रमाणात याच परिघाच्या आसपास असतात. आपले लोक मात्र आळे करतात ते खोडाला चिकटून, आणि पाणी ओततात ते खोडावर. तेथे पाणी साचले की साल कुजते, बुरशी लागते आणि मुळे तहानलेली राहतात ती राहतातच. खोडाभोवती मातीची उंच भर घालून त्याच्या बाहेर सावलीच्या कडेपर्यंत गोल आळे करावे. म्हणजे पाणी खोडाला न शिवता मुळांना मिळते.

बारडोलीची जमीन काळी, चिकण मातीची आहे. ओली झाली की ती फुगते आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात शिरेल अशा भेगा पडतात. या भेगांतून तप्त हवा खोलवर जाते, खालचा ओलावा उडतो आणि कोवळी मुळे तटातट तुटतात. त्यावर पाण्याचा मारा केला, तर ते भेगांतून थेट खाली निघून जाते. उपाय साधा आहे: वरची दोन-तीन बोटे माती खुरपीने हलकेच मोकळी करून भेगा बुजवाव्यात आणि त्यावर आच्छादन घालावे. आच्छादन म्हणजे विकत आणण्याची वस्तू नव्हे. वाळलेला पाला, गवत, भुसा, नारळाच्या शेंड्या, काहीही चालते. चार बोटे जाडीचा थर पसरला की माती थंड राहते, पाणी कमी लागते, तण उगवत नाही आणि पावसाळ्यात तोच थर कुजून खत होतो. तो खोडापासून वीतभर दूर ठेवावा आणि वाळवी लागली नाही ना, हे अधूनमधून पाहावे, एवढीच काळजी पुरेशी आहे.

येथे ऊसपट्ट्यातील एका विपरीत सवयीचा उल्लेख करणे भाग आहे. एक हेक्टर उसातून सुमारे आठ ते दहा टन पाचट निघते. याहून चांगले आच्छादन दुसरे नाही. आणि तेच पाचट ऊसपट्ट्यात ठिकठिकाणी पेटवून दिले जाते. धुराने आसमंत कोंडतो, जमिनीतील जीवजंतू होरपळतात. आणि त्याच गावात, कुंपणापलीकडे, एखादा बागाईतदार आपल्या आंब्याच्या बुंध्याशी माती तापते म्हणून दुप्पट पाणी सोडत असतो. शहरांतही निराळे चित्र नाही. नगरपालिकेचा झाडूवाला शिरीष आणि कडुनिंबाचा पाला गोळा करून रस्त्याच्या कडेला काडी लावतो, आणि त्याच पालिकेचा टँकर दुभाजकावरील उघड्या मातीवर पाणी ओतत पुढे जातो.

मुबलक पाण्याचा शाप केवळ उधळपट्टीपुरता मर्यादित नाही. कालव्याचे पाणी सतत आणि निचऱ्याविना दिले गेले की भूजलाची पातळी वर येते. उन्हाळ्यात हे पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागाकडे ओढले जाते, वाफ होऊन उडते आणि त्यातील क्षार मागे राहतात. प्रथम पानांच्या कडा करपतात, मग जमिनीवर पांढरा पापुद्रा दिसू लागतो, आणि अखेरीस तेथे काहीच उगवत नाही. उकाई-काकरापारच्या लाभक्षेत्रात जमीन पाणथळ आणि क्षारयुक्त होण्याचा प्रश्न अनेक वर्षांपासून भेडसावतो आहे. महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. नीरा आणि प्रवरा कालव्यांखालील चिबडलेल्या जमिनी आणि कृष्णाकाठच्या सांगली, मिरज, शिरोळ भागातील क्षारपड शिवारे त्याची साक्ष देतात. बंगल्याच्या अंगणातही याच नियमाची छोटी आवृत्ती चालू असते. कुंडीच्या कडेला जमणारा पांढरा थर ही तीच सूचना होय. असा थर दिसला, तर कुंडीचे तळछिद्र मोकळे आहे याची खात्री करून एकदा भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढावेत आणि पुढे हात आखडता घ्यावा.

फळझाडांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण दक्षिण गुजरात आणि कोकण यांचे उन्हाळ्यातील दुखणे सारखेच आहे. आंबा या दिवसांत फळांनी लगडलेला असतो. फळे वाढत असताना ओलावा समतोल हवा. दीर्घ ताणानंतर एकदम पाण्याचा लोंढा सोडला तर फळे गळतात किंवा तडकतात. काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे, म्हणजे फळ चांगले टिकते आणि गोडी वाढते. पडलेली, किडकी फळे झाडाखाली कुजू देऊ नयेत. फळमाशीची पुढची पिढी त्यांतच जन्माला येते. ती वेचून खोल पुरावीत. चिकूची मुळे उथळ असतात, म्हणून त्याला आच्छादनाची गरज सर्वांत अधिक. कोणत्याही झाडाची जबर छाटणी या काळात करू नये. वर्षानुवर्षे सावलीत असलेली साल एकाएकी उन्हात आली की भाजते आणि फाटते. उघड्या खोडांना चुन्याचा हात द्यावा. त्यात मोरचूद मिसळले तर बुरशीही आटोक्यात राहते. रासायनिक खत तर या दिवसांत देऊच नये. तहानलेल्या मुळांशी युरिया टाकणे म्हणजे उपाशी माणसाला मीठ चारणे होय. पावसाने जमीन भिजेपर्यंत थांबावे. हिरवळ असेल, तर ती बोडकी न करता दोन-तीन इंच वाढू द्यावी. तिची सावली तिच्याच मुळांना मिळते.

सर्वांत नाजूक प्रश्न गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांचा. त्यांचा हा पहिला उन्हाळा असतो. हा निभावला, तर पुढचे आयुष्य बरेचसे निर्धास्त असते. पश्चिमेकडील ऊन सर्वांत घातक. त्या बाजूस झावळी, गोणपाट किंवा तुरीच्या काट्यांचा आडोसा उभा करावा. आणि पाण्यासाठी कच्च्या मातीचे मडके रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते, माती सुकेल तितकेच ते ओढले जाते, आणि थेंबही वाया जात नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या कृषिग्रंथात ही युक्ती आढळते. ठिबक सिंचनाचे तत्त्वही आपल्या घरात अनोळखी नाही. वैशाखात शंकराच्या पिंडीवर आणि तुळशीवर गळती लावण्याची प्रथा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलो आहोत. छिद्र पाडलेल्या भांड्यातून थेंब थेंब पाणी दिवसभर पडत राहते. ज्या समाजाने हे तुळशीसाठी केले, त्याला ते रस्त्याकडेच्या कडुनिंबासाठी करणे अवघड का वाटावे?

मात्र बागेची चर्चा बंगल्याच्या कुंपणाशी थांबू नये. बारडोलीच्या उसावर जगणाऱ्यांत सर्वांत उघड्यावर राहणारा माणूस हा खानदेशातून आणि डांगातून येणारा ऊसतोड मजूर आहे. समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली या कोयतेकऱ्यांच्या हालांवर सविस्तर लिहिले. नवरा-बायकोची जोडी, सोबत लहान मुले, आणि शेताच्या कडेला तात्पुरत्या पालात संसार, असे त्यांचे जिणे. गळिताचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत लांबतो, तेव्हा त्यांच्या पालावर एका झाडाचीही सावली नसते. कारण उसाच्या शिवारातील बांधांवरची झाडे, पिकावर सावली पडते म्हणून, केव्हाच तोडली गेलेली असतात. जी माणसे याच नदीच्या वरच्या खोऱ्यातून, आपली कोरडी शेते मागे ठेवून येतात, त्यांना नदीच्या खालच्या अंगाला पाणी पाहायला मिळते, पण सावली मिळत नाही. बंगल्यांच्या बागा राखणारे हातही बहुधा हळपती मजुरांचे असतात. भर दुपारी माळ्याला उन्हात उभे करून फुले टवटवीत ठेवण्याचा हट्ट अज्ञानाचाही आहे आणि निष्ठुरतेचाही. झाडांना लागू पडणारा पहाट-संध्याकाळचा नियम माणसांनाही लागू आहे.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते पालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी जुलैतील रोपांची संख्या जाहीर करणे थांबवावे आणि जूनच्या आरंभी, पावसापूर्वी, गेल्या वर्षीच्या रोपांपैकी किती जगली याची गणना प्रसिद्ध करावी. ज्या संस्थेला पुढील उन्हाळ्यात पाणी घालणारा माणूस नेमता येत नाही, तिने दहा हजारांऐवजी शंभरच रोपे लावावीत. पाला आणि पाचट जाळण्यास खरोखरीची मनाई व्हावी, आणि तो पाला सार्वजनिक झाडांच्या बुंध्याशी जावा. साखर कारखान्यांनी मजुरांच्या तळांवर आणि गाडीवाटांच्या कडेने वड, करंज, कडुनिंब, जांभूळ यांसारखी आपल्याच मातीतली सावली देणारी झाडे लावावीत आणि ती जगवावीत. कालव्याच्या पाण्याची पाळी घेणाऱ्या बागाईतदाराने निचऱ्याची चारी आधी खणावी. आणि घरोघरच्या हौशी मंडळींनी नळी उचलण्यापूर्वी बोटाने माती पाहण्याची सवय लावून घ्यावी.

रोहिणी नक्षत्र लागले म्हणजे उन्हाचा कहर होतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, जूनच्या मध्यास, दक्षिण गुजरातेत पाऊस येतो. प्रश्न या मधल्या दिवसांचाच आहे. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी १९२८च्या उन्हाळ्यात दाराला कुलूप घालून, पहाटेची आणि रात्रीची वेळ साधून, हाती होते तेवढ्यावर निभावून नेले होते. आज त्याच गावाजवळून कालवा वाहतो. म्हणून तो संयम कालबाह्य झाला, असे कोणी समजू नये. पाणी आहे तोवर ते राखून वापरावे, जमीन झाकून ठेवावी आणि लावलेले रोप पुढच्या मृगापर्यंत पोहोचवावे, एवढे झाले तरी येत्या जुलैत नवा खड्डा खणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचेल.